इजिप्तकडून खेळताना कोणता फॅरो निवडावा : रामेसिस, क्लिओपात्रा आणि हॅटशेपसुत यांचा तुलनात्मक आढावा

टर्नवर, म्हणजे पाळीपाळीने, चालणाऱ्या स्ट्रॅटेजी गेममध्ये पहिला डाव इजिप्तकडून खेळावा असे अनेकांना वाटते. पिरॅमिड, नाईल आणि ममी या गोष्टी शाळेपासून ओळखीच्या असतात, त्यामुळे प्राचीन काळातल्या इतर संस्कृतींपेक्षा इजिप्तशी चटकन जवळीक वाटते. अडचण येते ती नेता, म्हणजे कोणता फॅरो (प्राचीन इजिप्तचा राजा), निवडताना. सिव्हिलायझेशन या मालिकेचा पहिला भाग १९९१ साली आला, तेव्हापासून तिच्या मुख्य भागांत इजिप्तचे नेतृत्व तिघांकडेच फिरत राहिले आहे: रामेसिस दुसरा, क्लिओपात्रा सातवी आणि हॅटशेपसुत. ‘ओल्ड वर्ल्ड’ या खेळात इजिप्तच्या गादीवर आरंभी हॅटशेपसुत असते, तर २०२३ साली आलेल्या ‘टोटल वॉर : फॅरो’मध्ये इजिप्तचे चार वेगळेच दावेदार समोर येतात. यांतल्या कोणाची निवड करावी, आणि अजून खेळ विकत घेतलेला नसेल तर कोणत्या नेत्यासाठी कोणता खेळ घ्यावा, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी हा आढावा आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. चेहरा, दागिने किंवा प्रसिद्धी पाहून नेता निवडू नये. खेळ रचणारे त्या राज्यकर्त्याच्या दीर्घ कारकिर्दीतून एखाद-दुसरी गोष्ट उचलतात आणि तिचा नियम बनवतात. पडद्यावरची व्यक्ती इतिहासातली नेमकी कोण आणि तिच्या राज्यातली कोणती गोष्ट नियमात उतरली आहे, एवढे ओळखता आले की तो नेता आपल्या खेळण्याच्या पद्धतीला मानवेल की नाही, हे डाव सुरू करण्याआधीच बऱ्याच अंशी समजते.

नावाने होणारा घोळ

पहिला घोळ रामेसिस या नावाचाच आहे. मराठीत नुसते ‘शाहू महाराज’ म्हटले की साताऱ्याचे की कोल्हापूरचे, हे आधी विचारावे लागते. रामेसिसच्या बाबतीत तर हे नाव धारण करणारे अकरा राजे होऊन गेले. सिव्हिलायझेशनमधला रामेसिस हा दुसरा. त्याने इ.स.पू. १२७९ ते १२१३ या काळात, म्हणजे सहासष्ट वर्षे, राज्य केले. ‘टोटल वॉर : फॅरो’मधला रामेसिस मात्र तिसरा आहे, आणि या दोघांच्या राज्यारोहणांत सुमारे नव्वद वर्षांचे अंतर आहे. दुसऱ्याची ओळख कादेशची लढाई आणि प्रचंड बांधकामे यांमुळे, तर तिसऱ्याची ओळख समुद्रमार्गे आलेल्या आक्रमकांना नाईलच्या मुखाशी थोपवल्यामुळे आहे. तिसऱ्याने दुसऱ्याचे अनुकरण इतके मनापासून केले, की राज्याभिषेकाच्या वेळी घेतलेले नावही तसेच ठेवले: दुसऱ्याचे उसेरमात्रे सेतेपेनरे, तर तिसऱ्याचे उसेरमात्रे मेर्यामुन. मेदिनेत हबू येथील त्याचे मंदिरही दुसऱ्याच्या रामेसियम या मंदिराच्या धर्तीवर उभारलेले आहे. ज्याला कादेशचा विजेता म्हणवून घेणारा रामेसिस हवा आहे त्याने ‘टोटल वॉर’ घेतला, तर त्याला वेगळाच माणूस भेटेल. त्याच खेळातला सेती हा दुसरा सेती आहे. रामेसिस दुसऱ्याचा पिता असलेला सेती पहिला तो नव्हे.

दुसरा घोळ वेशभूषेतून होतो. डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचे नेमेस वस्त्र, कपाळावर फणा काढलेला नाग, हनुवटीला बांधलेली खोटी दाढी, हातात आकडी आणि आसूड, ही सारी राजपदाची चिन्हे होती; ती कोणा एका व्यक्तीची नव्हेत. निळा फुगीर मुकुट वरच्या आणि खालच्या इजिप्तच्या जोडमुकुटाइतकाच अधिकृत होता आणि नव्या साम्राज्याच्या, म्हणजे हॅटशेपसुत आणि रामेसिस यांच्या, काळातल्या अनेक राजांच्या डोक्यावर तो दिसतो. हॅटशेपसुत स्त्री असूनही तिच्या अनेक पुतळ्यांत दाढी आहे, कारण ती राणी म्हणून नव्हे तर राजा म्हणून गादीवर बसली होती. त्यामुळे वेशभूषेवरून माणूस ओळखता येत नाही. त्यासाठी लंबगोल चौकटीत कोरलेले राजनाम पाहावे लागते. खेळात अशी चौकट वाचायची वेळ येत नाही, पण नेत्याच्या क्षमतेचे नाव तेच काम करते. क्षमतेचे नाव ‘अबू सिंबेल’ असेल तर समोर रामेसिस दुसरा आहे, कारण तिथली मंदिरे त्याची आहेत. ‘अमुनची पत्नी’ अशा अर्थाचे नाव असेल तर हॅटशेपसुत आहे, कारण ती गादीवर येण्याआधी त्याच धार्मिक पदावर होती.

क्लिओपात्राच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. नाव ऐकताच ओळख पटते, पण ती ज्या इजिप्तची राणी होती तो पिरॅमिडवाला इजिप्त नव्हे. खुफूचा पिरॅमिड इ.स.पू. २५६०च्या सुमाराचा, आणि क्लिओपात्रा इ.स.पू. ५१ मध्ये गादीवर आली. मध्ये अडीच हजार वर्षे गेली. तिचे टॉलेमी घराणे मॅसेडोनियन ग्रीक होते. त्या घराण्यात इजिप्तची भाषा शिकणारी ती पहिलीच, असे प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. नाण्यांवर ती ग्रीक पद्धतीने केस बांधलेली दिसते, तर देंदेरा येथील हॅथोर देवीच्या मंदिराच्या भिंतीवर मुलाबरोबर पूर्ण इजिप्शियन वेशात उभी आहे. सिव्हिलायझेशनच्या सहाव्या भागात तिची दोन रूपे आहेत, एक इजिप्शियन आणि दुसरे टॉलेमी घराण्याचे. ही दोन रूपे म्हणजे केवळ कपड्यांचा बदल असे समजून कोणीही निवडू नये. दोघींचे नियम वेगळे आहेत.

रामेसिस दुसरा : बांधणाऱ्यांसाठी

रामेसिस दुसरा सिव्हिलायझेशनच्या पाचव्या भागात (२०१०) इजिप्तचा एकमेव नेता होता, आणि सहाव्या भागात तो २०२३ साली लीडर पास या जादा नेत्यांच्या संचातून आला. दोन्हीकडे त्याचा गाभा एकच आहे, तो म्हणजे बांधकाम. पण त्याचे फळ वेगळ्या रूपात मिळते.

पाचव्या भागात नियम अगदी सरळ आहे: वंडर (साऱ्या डावात एकालाच बांधता येणारी भव्य वास्तू) बांधताना प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे शहराच्या बांधकामाच्या क्षमतेत, २० टक्के वाढ. शिवाय देवळाच्या जागी येणारी बरियल टूम्ब ही इमारत प्रजेचे समाधान वाढवते आणि तिच्या देखभालीवर सोने खर्च होत नाही. मात्र शत्रूने ते शहर जिंकले तर त्याच्या हाती लागणारी लूट दुप्पट होते, आणि राजांच्या दरीतल्या लुटलेल्या थडग्यांचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला या नियमामागचा विचार लगेच कळतो. युद्धरथाला घोडे लागत नाहीत आणि तो मोकळ्या मैदानात वेगाने धावतो. नवशिक्याला यात गुंतागुंत वाटू नये.

सहाव्या भागातला रामेसिस अधिक विचारपूर्वक घडवलेला आहे. इथे बांधकाम लवकर होण्याचा फायदा राज्याच्या वाट्याचा आहे, नेत्याच्या नव्हे: नदीकाठी डिस्ट्रिक्ट (शहराचा खास कामाचा विभाग) किंवा वंडर उभारले की इजिप्तला प्रॉडक्शनमध्ये १५ टक्के वाढ मिळते, मग नेता कोणीही असो. रामेसिसची स्वतःची भर त्यानंतर येते. इमारत पूर्ण झाली की तिच्या बांधकामखर्चाच्या १५ टक्के, आणि वंडर पूर्ण झाले की ३० टक्के कल्चर (संस्कृतीचे गुण) एकदम हाती पडते.

याचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. सर्वसाधारण वेगाच्या डावात पिरॅमिड या वंडरचा खर्च २२० प्रॉडक्शन आहे. ते वाळवंटात किंवा वाळवंटी पूरमैदानावर बांधता येते, आणि पूरमैदान नदीलगतच असते. शहराचे प्रॉडक्शन दर टर्नला १० असेल तर एरवी २२ टर्न लागले असते. १५ टक्के वाढीमुळे ते ११.५ होते आणि काम २० टर्नमध्ये उरकते. वेळ वाचला तो दोनच टर्नचा, आणि एवढ्यासाठी इजिप्त निवडावा असे कोणी म्हणणार नाही. पण पूर्ण होताच रामेसिसला ६६ कल्चर मिळते, आणि प्राचीन काळात, जेव्हा अख्ख्या राज्याचे कल्चर टर्नला चार-पाच असते, तेव्हा ती तेरा ते सोळा टर्नांची कमाई असते. ६० प्रॉडक्शनचे साधे मॉन्युमेंट बांधले तरी ९ कल्चर येते. सिव्हिक, म्हणजे कल्चरने गाठायच्या सामाजिक प्रगतीच्या पायऱ्या, लवकर पूर्ण होतात, नवी शासनपद्धती लवकर मिळते, धोरणांची कार्डे आधी हाती येतात.

ज्यांचा कल वंडरकडे आहे त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. वरच्या काठिण्य पातळ्यांवर संगणकाला आरंभीच मोठी आघाडी दिलेली असते, त्यामुळे सुरुवातीची वंडर अनेकदा दुसराच कोणी आधी पूर्ण करतो, आणि अपुऱ्या राहिलेल्या वंडरचे कल्चर मिळत नाही. अशा डावात रामेसिसची ताकद ३० टक्क्यांत नसून १५ टक्क्यांत आहे, कारण इमारती कोणी हिरावून घेऊ शकत नाही. भरपूर शहरे वसवून प्रत्येकात इमारती लवकर पूर्ण करत गेल्यास कल्चरचा ओघ अखंड राहतो. ही गोष्ट लक्षात न घेता एकाच शहरात वंडरची रांग लावणारा खेळाडू रामेसिसला कमकुवत ठरवतो, आणि तो निष्कर्ष अन्यायाचा आहे.

इतिहासाशी हा नियम चांगला जुळतो. इ.स.पू. १२७४च्या सुमारास कादेश येथे आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती साम्राज्याचा राजा मुवातल्ली दुसरा याच्याशी झालेली लढाई रामेसिसने निर्विवादपणे जिंकली असे म्हणता येत नाही, कारण कादेश नंतरही हित्तींकडेच राहिले. तरीही त्याने त्या लढाईची चित्रे अबू सिंबेल, लक्सर, अबिडोस, रामेसियम अशा ठिकाणी कोरून घेतली आणि दगडातून आपली कीर्ती टिकवली. बांधकाम पूर्ण होताच कल्चर मिळण्याचा नियम नेमके हेच पकडतो. इ.स.पू. १२५९च्या सुमारास हत्तुसिली तिसरा याच्याशी केलेल्या तहाला मात्र नियमात जागा मिळालेली नाही. त्या तहाची एक प्रत कर्नाकच्या भिंतीवर चित्रलिपीत आहे, तर दुसरी हित्तींच्या राजधानीत मातीच्या पाट्यांवर सापडली. वाटाघाटींची आवड असणाऱ्याने रामेसिसकडून फार अपेक्षा ठेवू नये.

क्लिओपात्रा : व्यापाराची सोपी वाट

सहाव्या भागाच्या मूळ आवृत्तीत (२०१६) इजिप्तसाठी मिळते ती इजिप्शियन क्लिओपात्रा. दुसऱ्या राज्यांकडे जाणाऱ्या तिच्या प्रत्येक ट्रेड रूटवर (व्यापारी मार्गावर) ४ सोने जादा मिळते. दुसऱ्यांचे व्यापारी तिच्याकडे आले तर त्यांना २ अन्न आणि तिला २ सोने मिळते. चार मार्ग सुरू असले की टर्नला सोळा सोने जादा, आणि सोन्याने युनिट (सैन्याच्या वगैरे तुकड्या), इमारती, व्यापारी असे जवळजवळ सगळे काही विकत घेता येते. पहिलाच डाव खेळणाऱ्याला ही क्षमता समजायला सर्वांत सोपी आहे, कारण तिचे फळ लगेच दिसते आणि चूक झाली तरी पैशाने ती दुरुस्त करता येते.

उणीव अशी की हे सोने ठरलेल्या दराने येते. मार्गांची संख्या वाढवल्याशिवाय ते वाढत नाही, आणि मार्ग वाढवायचे तर कमर्शियल हब (बाजाराचा विभाग) किंवा हार्बर (बंदर) बांधावे लागतात. डाव पुढे सरकतो तसे चार सोने पहिल्याइतके मोलाचे राहत नाही. पन्नासाव्या टर्नला ते मोठे असते, दोनशेव्या टर्नला तितके नसते. म्हणून क्लिओपात्रा निवडणाऱ्याने आरंभीचे सोने साठवू नये. त्यातून वसाहती आणि युनिट घ्यावीत, म्हणजे पुढच्या काळासाठी पाया तयार होतो.

क्लिओपात्राला व्यापारी ठरवणे हा खेळ रचणाऱ्यांचा योग्य निर्णय आहे असे मला ठामपणे वाटते. लोकप्रिय कल्पनेत ती सौंदर्य आणि प्रेमप्रकरणे यांतच अडकली आहे; कागदपत्रांतून दिसणारी बाई वेगळी आहे. इ.स.पू. ३३ मधल्या एका पपायरसवर एका बड्या रोमन असामीला दिलेली करमाफी नोंदलेली आहे: वर्षाला दहा हजार आर्ताबा (धान्याचे प्राचीन माप) गहू निर्यात करण्याची आणि पाच हजार कुंभ वाईन आयात करण्याची मुभा. तिने काढलेल्या कांस्य नाण्यांवर ८० आणि ४० असे मूल्य अक्षरांनी दाखवलेले आहे, म्हणजे धातूच्या वजनापेक्षा राज्याच्या शब्दावर नाणे चालावे अशी तिची अपेक्षा होती. धान्य, कर, चलन आणि रोमशी संबंध यांचा ताळमेळ राखत तिने वीस वर्षांहून अधिक काळ राज्य टिकवले. इ.स.पू. ३१ मधल्या ॲक्टियमच्या आरमारी लढाईतल्या पराभवानंतर तिने मुलगा सिझेरियन याला मोठ्या संपत्तीसह इथिओपियामार्गे भारताकडे पाठवले होते, असेही प्लूटार्क लिहितो. तो इथवर पोहोचलाच नाही. पण तांबड्या समुद्रातली इजिप्तची बंदरे आणि आपला पश्चिम किनारा यांच्यात नंतरच्या शतकात भडोच, सोपारा आणि कल्याणपर्यंत जो व्यापार वाढला, त्याची वाट तिच्या काळी ओळखीची होती हे त्यातून दिसते.

संगणकाच्या हाती गेलेली क्लिओपात्रा कशी वागते, हेही निवड करताना उपयोगी पडते, कारण तुम्ही तिला घेतले नाही तर ती शेजारी म्हणून भेटण्याची शक्यता असते. तिला बलाढ्य सैन्य असलेली राज्ये आवडतात आणि दुबळी राज्ये आवडत नाहीत. सीझर आणि अँटनी यांच्याशी तिने केलेल्या जोडण्या या स्वभावामागे उघड दिसतात.

टॉलेमी घराण्याच्या रूपातली क्लिओपात्रा नदीच्या पूरमैदानांवर आणि तिथल्या संसाधनांवर अवलंबून असते. आरंभीची जागा चांगली मिळाली तर ती अन्न आणि कल्चर दोन्हींत पुढे जाते. जागा वाईट मिळाली तर तिच्याकडे फारसे काही उरत नाही. अनुभवी खेळाडूने एखाद्या डावासाठी तिचा विचार करावा. पहिली निवड म्हणून मी तिची शिफारस करणार नाही.

सहाव्या भागातला रामेसिस आणि क्लिओपात्राची दोन रूपे, या तिघांनाही इजिप्तचे बाकीचे नियम समान आहेत. मूळ आवृत्तीत इतरांना पूरमैदानावर डिस्ट्रिक्ट बांधता येत नाहीत, इजिप्तला येतात. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हा विस्तार घेतल्यास पुराने इजिप्तचे नुकसान होत नाही, आणि पुराबरोबर येणाऱ्या गाळाने जमीन मात्र सुपीक होते. नाईलकाठच्या शेतीची याहून नेमकी मांडणी मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिलेली नाही. स्फिंक्स फेथ (श्रद्धेचे गुण) आणि कल्चर देतो, आणि वंडरशेजारी बांधल्यास त्याचे फेथ वाढते, म्हणून तो रामेसिसला सर्वाधिक उपयोगी. मर्यान्नू हा इजिप्तचा खास रथ वेगवान पण महाग आहे. दोन-तीन रथ बाळगावेत, फौज त्यांच्या भरवशावर उभारू नये.

हॅटशेपसुत : राजवट आणि नियम यांचा सर्वांत चांगला मेळ

हॅटशेपसुत ही थुतमोस पहिला याची मुलगी आणि थुतमोस दुसरा याची पत्नी. पतीच्या मृत्यूनंतर सावत्र मुलगा थुतमोस तिसरा लहान असल्याने तिने त्याच्या वतीने कारभार पाहिला, आणि काही वर्षांतच माआत्कारे हे राजनाम घेऊन स्वतः फॅरो झाली. इ.स.पू. १४५८च्या सुमारास तिचा मृत्यू झाला. पुढे थुतमोस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात तिची नावे आणि आकृत्या अनेक ठिकाणी छिन्नीने खोडण्यात आल्या. ती इतिहासातून पुसली गेली नाही, याचे श्रेय देर अल-बहरीच्या तिच्या मंदिराला बऱ्याच अंशी जाते.

त्या मंदिराच्या मधल्या मजल्यावर पुंत देशाच्या मोहिमेचे उठावचित्र आहे, आणि खेळातली हॅटशेपसुत समजून घ्यायची असेल तर ते नीट पाहावे. पाच जहाजे आहेत. त्यांच्याखालच्या पाण्यात मासे इतक्या बारकाईने कोरले आहेत की तांबड्या समुद्रातल्या जाती ओळखता येतात. खांबांवर उभारलेली, शिडी लावलेली पुंतवासीयांची घरे आहेत, तिथला प्रमुख आणि त्याची पत्नी आती आहे. इजिप्तचे लोक सुगंधी राळेची झाडे मुळांसकट टोपल्यांत घालून, काठीला अडकवून जहाजावर चढवत आहेत. सोने, हस्तिदंत, आबनूस आणि माकडेही त्यात दिसतात. एका राज्यकर्त्याने आपल्या मंदिरात लढाईच्या शेजारी, किंबहुना तिच्याहून ठळकपणे, आयात केलेल्या मालाची यादी कोरून घ्यावी, ही असाधारण गोष्ट आहे.

सिव्हिलायझेशनच्या सातव्या भागात (फेब्रुवारी २०२५) हेच तिच्या क्षमतेचे सूत्र झाले आहे. प्रकाशनाच्या वेळच्या नियमांनुसार आयात केलेल्या प्रत्येक संसाधनामागे तिला एक कल्चर मिळते, आणि जहाजे चालू शकतील अशा नदीलगतच्या शहरांत इमारती व वंडर बांधताना प्रॉडक्शन १५ टक्क्यांनी वाढते. व्यापार आणि बांधकाम एकाच हातात आले. क्लिओपात्राचा व्यापार सोने देऊन थांबतो आणि रामेसिसला कल्चरसाठी सतत बांधत राहावे लागते; हॅटशेपसुतला व्यापारातून कल्चर मिळते आणि नदीतून बांधकामाची गती. कर्नाकचा तिचा ओबेलिस्क या दुसऱ्या नियमाचा पुरावाच आहे. आस्वानच्या एकाच ग्रॅनाइट शिळेतून काढलेला, सुमारे तीस मीटर उंचीचा हा स्तंभ नाईलमार्गे आणला गेला, आणि खाणीतले काम सात महिन्यांत झाले असे त्याच्या तळाशी तिने लिहून ठेवले आहे.

सातवा भाग घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. इथे नेता आणि राज्य वेगळे निवडायचे असतात, आणि डाव तीन युगांत विभागलेला असतो. प्रकाशनाच्या वेळच्या नियमांत हॅटशेपसुत शेवटपर्यंत तुमच्याबरोबर राहत असे, पण इजिप्त पहिल्या युगापुरताच राहत असे. पुढच्या युगात राज्य बदलावे लागे, आणि इजिप्तनंतर अब्बासी खिलाफत हा इतिहासाला धरून असलेला एक पर्याय मिळे. शेवटच्या टर्नपर्यंत इजिप्तच हवा असे ज्यांना मनापासून वाटते त्यांचा अशा नियमांत विरस होईल, आणि त्यांनी सहावा भाग घेणेच योग्य. मला स्वतःला ही रचना पटते, कारण इजिप्तच्या भूमीवर राज्ये खरोखरच अशी बदलत गेली. पण ही आवडीची बाब आहे आणि पैसे खर्च करण्याआधी तिचा विचार व्हायला हवा.

जुन्या चौथ्या भागातही हॅटशेपसुत होती, आणि ‘वॉरलॉर्ड्स’ या विस्तारात तिच्या जोडीला रामेसिस आला. दोघांनाही धार्मिक गुण असल्याने शासनपद्धती किंवा धर्म बदलताना अराजक माजत नाही. हॅटशेपसुतला प्रत्येक शहरात आपोआप कल्चर मिळते आणि रामेसिसला वंडरसाठी प्रॉडक्शन. एकाच राज्याच्या दोन नेत्यांची तुलना शिकायची असेल तर तो भाग अजूनही उत्तम आहे, आणि साध्या संगणकावर तो अडखळत नाही.

‘ओल्ड वर्ल्ड’मध्ये मात्र सगळे चित्र पालटते. सिव्हिलायझेशनच्या चौथ्या भागाचे मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन यांच्या संस्थेने तो बनवला आहे, आणि त्यात नेता अमर नसतो. हॅटशेपसुत म्हातारी होते, मरते, आणि गादी वारसाकडे जाते; त्या वारसाला तुम्ही कसे वाढवले, कोणते शिक्षण दिले, कोणत्या घराण्याला दुखावले, यावर पुढचे राज्य अवलंबून असते. ज्याला फॅरो ही व्यक्ती म्हणून हवी आहे, तिच्याभोवतीचे नातेसंबंध आणि वारसाचा प्रश्न अनुभवायचा आहे, त्याने सिव्हिलायझेशनऐवजी हाच खेळ घ्यावा. सावत्र मुलाच्या वतीने राज्य हाती घेणाऱ्या स्त्रीची गोष्ट अशा रचनेतच नीट उमटते.

‘टोटल वॉर’चे चार दावेदार

इथला प्रश्न वेगळा आहे. फॅरो मेर्नेप्ताहचे वय झाले आहे, कांस्ययुगीन जग कोसळायच्या बेतात आहे आणि रामेसिस, सेती, अमेनमेस व तौस्रेत यांच्यात गादीसाठी झगडा आहे. इतिहासात हे चौघे एकाच वेळी समोरासमोर आले नव्हते; सेती दुसरा आणि अमेनमेस यांचा संघर्ष खरा, सेतीची पत्नी तौस्रेत हिने नंतर स्वतः राज्य केले हेही खरे, पण रामेसिस तिसरा तिच्याही नंतरचा, सेतनख्तचा मुलगा. खेळाने तीस वर्षांचा काळ एका पटावर आणला आहे. इतिहासाचा क्रम शिकण्यासाठी हा खेळ घेऊ नये; दरबारातली पदे, गादीवरचा हक्क सिद्ध करण्याची धडपड आणि मैदानावरच्या प्रत्यक्ष लढाया यांसाठी घ्यावा.

या चौघांत पहिल्यांदा खेळणाऱ्याने रामेसिस घ्यावा, कारण त्याच्याकडून डावाची ओळख सर्वांत सरळ होते. कूश प्रांताच्या सोन्यावर आणि नूबियाच्या तिरंदाजांवर भिस्त ठेवायची असेल तर अमेनमेस. सलोखा आणि अर्थव्यवस्था सांभाळत पुढे जायचे असेल तर तौस्रेत. सेती आक्रमक खेळणाऱ्यांसाठी आहे. मला तौस्रेत सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचे थडगे पुढे सेतनख्तने स्वतःसाठी घेतले आणि लोकांच्या आठवणीत ती जवळजवळ राहिलीच नाही. खेळाने तिला इतरांच्या बरोबरीने उभे केले ही चांगली गोष्ट झाली. डावात प्राचीन वारसा निवडण्याचीही सोय आहे, त्यातून खुफू, हॅटशेपसुत, थुतमोस किंवा अखेनातेन यांच्यापैकी एकाच्या मार्गाने जाता येते. म्हणजे ज्याला तौस्रेत आणि हॅटशेपसुत दोघीही हव्या आहेत त्याची इथे सोय होते. २०२४ साली आलेली ‘डायनॅस्टीज’ ही मोठी भर मूळ खेळ घेतलेल्यांना विनामूल्य मिळते.

शेवटी प्रत्यक्ष निवडीचे. सहाव्या भागाची फक्त मूळ आवृत्ती हाताशी असेल तर क्लिओपात्रापासून सुरुवात करावी, आणि खेळाची पकड आल्यावर लीडर पास घेऊन रामेसिसकडे जावे; नुसत्या रामेसिससाठी पास पहिल्याच दिवशी घेण्याची घाई नको. सातवा भाग चालेल असा संगणक असेल आणि राज्य बदलण्याची पद्धत मान्य असेल तर हॅटशेपसुत, आणि माझ्या मते या सर्वांत तीच सर्वांत चांगली घडवलेली नेता आहे. सहावा किंवा सातवा, भाग कोणताही असो, पहिले शहर वसवण्याआधी वसाहतकाराला एक-दोन टर्न चालवावे लागले तरी हरकत नाही, पण ते शहर नदीला लागूनच हवे. सहाव्या भागात वाळवंटातले पूरमैदान मिळाले तर उत्तम, सातव्यात जहाजे चालतील एवढी मोठी नदी हवी. नदी सोडून वसवलेल्या राजधानीत बांधकामाची १५ टक्के वाढ पहिल्या टर्नपासून वाया जाते.